निदान मुलाचं, निरोप मावशीला



पुसदला वैद्यकीय परिषद भरली की अध्यक्षानं कशावर बोलायचं, याचे विषय जवळजवळ ठरलेले असतात. फवारणीतली विषबाधा, सर्पदंश, कुपोषण, सिकलसेल. आपली ओपीडी त्यांनीच भरलेली असते, आणि त्यांवर बोलायलाच हवं. तरीही आज मी मस्क्युलर डिस्ट्रॉफी हा विषय घेतला आहे. स्नायू झिजत जाणाऱ्या आनुवंशिक आजारांचा हा गट. त्यात लहानपणी सर्वांत जास्त दिसणारा आणि सर्वांत कठोर प्रकार म्हणजे ड्युशेन. साडेतीन ते पाच हजार मुलग्यांमागे एकाला तो होतो. आपल्या तालुक्यातल्या जन्मांना हा हिशेब लावून पाहा. दर काही वर्षांत असा एक मुलगा इथे जन्माला येत असणार, आणि अंगणवाडीपासून विशीपर्यंतची अशी काही मुलं आज आपल्या आसपास असणार. दुर्मीळ म्हणून हा आजार आपण पाठ्यपुस्तकात ठेवून दिला. त्या घरांसाठी तो रोजचा आहे.

हा मुलगा आपल्यापर्यंत कसा पोचतो? दीड वर्षाचा झाला तरी चालत नाही, तेव्हा आजी म्हणते, याचा बापही उशिराच चालला होता. अंगणवाडीत तो सारखा पडतो. चौथ्या वर्षी पोटऱ्या भरदार दिसू लागतात आणि घरचे कौतुकानं पैलवान म्हणतात. मग जिना चढताना तो कठडा धरतो, टाचा उचलून चालतो, आणि जमिनीवरून उठताना आधी गुडघ्यावर, मग मांडीवर हात टेकत स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखा उभा राहतो. लंडनच्या विल्यम गॉवर्स यांनी १८७९ मध्ये हे उठणं नेमकं टिपून ठेवलं. ते पाहायला आजही कोणतं यंत्र लागत नाही. मुलाला जमिनीवर बसवायचं आणि ‘ऊठ’ म्हणायचं, एवढंच. अडचण अशी की आपल्याकडे तपासणीला आलेलं मूल आईच्या मांडीवर बसतं, फार तर स्टुलावर, आणि तिथूनच परत जातं. ते जमिनीवर बसतच नाही.

त्याच्या आधी पुष्कळदा आणखी एक फाटा फुटतो. ताप येतो, रक्त तपासलं जातं, एसजीओटी-एसजीपीटी दोनशे-तीनशे येतात. कावीळ समजून पथ्य सुरू होतं, झाडपाल्याचं औषध होतं, सोनोग्राफी होते. बिलिरुबिन नॉर्मल, डोळे स्वच्छ, भूक चांगली, तरी महिनोन् महिने यकृताचाच शोध चालू राहतो. ही दोन्ही एन्झाइम स्नायूंतूनही रक्तात उतरतात, हे आपण सगळे शिकलो आहोत. अशा मुलाचं सीपीके हे स्नायूंतलं एन्झाइम तपासलं तर जिथे दोनशेच्या आसपास आकडा हवा तिथे तो दहा हजारांच्या पुढे जातो. आणि हे सीपीके जन्मापासूनच वाढलेलं असतं. आजार पाळण्यातच सुरू झालेला असतो. आपण त्याची सुरुवात धरतो मूल शाळेत जाऊ लागल्यावर. अमेरिकेतही निदानाचं सरासरी वय पाच वर्षांच्या आसपास निघालं आहे. आपल्याकडे ते त्याहून अलीकडचं असण्याचं काही कारण नाही.

आता जनुकाविषयी. १९८६ मध्ये बोस्टनला लुई कुंकेल यांच्या गटानं एक्स गुणसूत्रावरचं हे जनुक शोधलं, आणि पुढच्याच वर्षी एरिक हॉफमन यांनी त्यातून बनणारं डिस्ट्रोफिन हे प्रथिन दाखवलं. माणसाच्या शरीरातल्या सर्वांत लांब जनुकांपैकी हे एक: सुमारे २२ लाख अक्षरं, ७९ एक्सॉन. एवढ्या लांब मजकुराची नक्कल करताना चूक व्हायला जागाही तेवढीच मोठी. साधारण दोन-तृतीयांश मुलांत एक किंवा अधिक एक्सॉन गळलेले असतात, आणि एमएलपीए नावाच्या रक्तचाचणीत ते कळतं. स्नायूचा तुकडा काढायची वेळ आता क्वचितच येते. यातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट अशी, की गळती किती मोठी यावर आजाराची तीव्रता ठरत नाही. जनुकातली अक्षरं तीन-तीनच्या गटानं वाचली जातात. गळतीनंतरही तीनचा मेळ टिकला तर आखूड पण काम भागवणारं डिस्ट्रोफिन तयार होतं, आणि होतो तो सौम्य बेकर प्रकार; त्यातले कितीतरी जण चाळिशीतही चालतात. मेळ बिघडला तर पुढचा सगळा मजकूर निरर्थक होतो आणि ड्युशेन होतो. एकच एक्सॉन गेलेला मुलगा बाराव्या वर्षी खुर्चीला खिळतो, आणि मोठा तुकडा गेलेला माणूस शेतीची कामं करत असतो. अपवाद आहेत, पण दहातल्या नऊ वेळा हा नियम लागू पडतो. म्हणून रिपोर्टमधली ती एक ओळ, कोणता एक्सॉन गेला ही, नीट वाचा आणि पालकांना समजावून सांगा.

आपल्या भागात एक गैरसमज वेगळ्याच वाटेनं आला आहे. सिकलसेलमुळे इथल्या लोकांना आनुवंशिकतेचा हिशेब ठाऊक आहे. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ मध्ये मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद केली, आणि आज तांड्यावरची आशाताईसुद्धा ‘हाफ’ आणि ‘फुल’ समजावून सांगते: आईही हाफ, बापही हाफ, तरच मूल फुल. ड्युशेनला हा हिशेब लागत नाही. इथे बापाच्या रक्ताचा प्रश्नच नसतो, कारण मुलाला एक्स गुणसूत्र आईकडून येतं. आई वाहक असेल तर प्रत्येक मुलग्याला निम्मा धोका, आणि प्रत्येक मुलगी वाहक असण्याची शक्यताही निम्मी. नात्यातलं लग्न याला कारण नसतं. तरी कितीतरी घरांत, ‘नात्यात केलं म्हणून झालं’, असं डॉक्टरच सांगून मोकळे होतात.

आणि निदानानंतर त्या घरात पहिला शब्द निघतो तो सुनेविरुद्ध. ‘हे तुझ्या माहेरचं.’ इथे मला अगदी स्पष्ट बोलायचं आहे. साधारण एक-तृतीयांश मुलांमध्ये हा बदल नव्यानंच घडलेला असतो. आईच्या रक्तात तो सापडत नाही. उरलेल्या घरांत आई वाहक असते, पण तो बदल तिनं ओढवून घेतलेला नसतो, तिला तो ठाऊकही नसतो. ही गोष्ट नवरा, सासू, सासरे या सगळ्यांना एकत्र बसवून सांगणं हे डॉक्टरचं काम आहे, समुपदेशकावर ढकलण्याचं नव्हे. शिवाय वाहक आईच्या स्वतःच्या हृदयाचा स्नायूही पुढे दुबळा होऊ शकतो. मुलाचा इको आपण काढतो; आईचाही काढायला हवा.

पण माझ्या भाषणाचा मुख्य मुद्दा आईच्याही पलीकडे जातो. ड्युशेनचं निदान एका मुलाचं होत असलं, तरी त्या कागदाची सर्वांत तातडीची गरज जिला असते ती तुमच्या खोलीत नसते. ती त्या मुलाची मावशी. आजी वाहक असेल तर मावशी वाहक असण्याची शक्यता निम्मी असते. ती किनवटला किंवा पांढरकवड्याला नांदत असते, कदाचित तिसऱ्या महिन्यात असते, आणि तिच्या भाच्याचा रिपोर्ट नागपूरच्या किंवा हैदराबादच्या फायलीत पडून असतो. तिला कुणी सांगत नाही. आई सांगत नाही, कारण बहिणीच्या सासरी कळलं तर काय होईल याची तिला भीती वाटते. मधल्या बहिणीचं लग्न ठरायचं असेल तर आजी सगळ्यांना गप्प बसवते. दोन-तीन वर्षांनी त्या मावशीच्या मांडीवरही असाच मुलगा असतो. हे टाळता येण्यासारखं होतं आणि टळलं नाही, याचं दुःख आनुवंशिक आजारांत दुसऱ्या कशाहीपेक्षा मोठं आहे.

म्हणून मामाविषयी विचारा. आईचा भाऊ, आईचा मामा, कुणी लहानपणी पाय जाऊन विशीच्या आत वारलं का? ‘पोलिओ झाला होता’ असं उत्तर आलं तरी तिथे थांबू नका. तो चालायला लागल्यानंतर हळूहळू पडत गेला की एका तापात पाय गेला, हे विचारा. दोन्हींत फरक आहे. मुलातला बदल एकदा कळला की घरातल्या बायकांची चाचणी सोपी होते, कारण नेमकं कुठे पाहायचं ते ठाऊक असतं. गरोदर वाहक बाईला अकराव्या ते तेराव्या आठवड्यात वारेच्या पेशी तपासून गर्भाचं निदान मिळू शकतं. आईच्या रक्तात बदल सापडला नाही तरी पुढच्या गरोदरपणात थोडा धोका उरतोच, कारण तो फक्त तिच्या काही बीजांडांत लपलेला असू शकतो. हेही सांगायचं राहून जातं.

इथे आपल्यातले बरेच जण पीसीपीएनडीटी कायद्याच्या धाकानं मागे सरतात. लिंगनिदानाला बंदी आहे आणि ती असायलाच हवी. १९८८ मध्ये असा कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य, याचा मला अभिमान आहे. पण १९९४ चा केंद्राचा कायदाच लिंगाशी जोडलेल्या आनुवंशिक आजारांसाठी नोंदणीकृत केंद्रात गर्भाची तपासणी करायला परवानगी देतो. त्या बाईला योग्य केंद्राकडे लेखी पत्र देऊन पाठवणं हे कायद्यात बसतं. न पाठवणं हे तिच्यावर अन्याय करणं आहे. तपासणी करायची की नाही, केल्यावर काय ठरवायचं, हे तिचं ती ठरवील.

नात्यातल्या लग्नाचा प्रश्न खरोखर जिथे येतो ते आजार निराळे. खांद्याचे आणि कमरेचे स्नायू दुबळे करणारे लिंब-गर्डल डिस्ट्रॉफीचे बरेच प्रकार दोन्हीकडून सदोष प्रत आली तरच होतात, मुलाला आणि मुलीला सारखेच. मामाची मुलगी करण्याची रीत आपल्या भागात अजून आहे, तेव्हा धोका वाढतो हे खरं. पण नातं नसलं म्हणजे धोका नाही, असं नव्हे. याचा सर्वांत चांगला अभ्यास आपल्याच राज्यात झाला. मुंबईचे डॉ. सतीश खाडिलकर, डॉ. रश्ना दस्तूर, अमेरिकेतल्या डॉ. माधुरी हेगडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अगरवाल समाजातल्या रुग्णांत कॅल्पेन-३ या जनुकातले दोन ठरावीक जुने बदल पुन्हा पुन्हा सापडतात, हे २०१३ मध्ये दाखवलं. हा समाज गोत्र टाळूनच सोयरीक करतो. पण गोत्र चालतं फक्त बापाच्या बाजूनं. पणजीकडून, तिच्या आईकडून आलेलं जनुक गोत्राच्या वहीत नसतं. समाज एकच, पूर्वज थोडे, सोयरिकी आतल्या आत. मग शेकडो वर्षांपूर्वीचा एक बदल दोन अनोळखी घरांतून येऊन एका मुलात भेटतो.

यात त्या समाजाची नाचक्की मुळीच नाही. उलट अभ्यास झाला म्हणून त्यांच्या रुग्णांत आधी ते दोन बदल पाहायचे, हा सोपा रस्ता खुला झाला. के. थंगराज आणि डेव्हिड राइक यांच्या गटांनी २०१७ मध्ये दक्षिण आशियातल्या २६० हून अधिक समाजांची जनुकं तपासली. त्यांतल्या ८१ समाजांत मूठभर पूर्वजांचा ठसा फिनलंडच्या लोकांपेक्षा किंवा अश्केनाझी ज्यूंपेक्षाही ठळक निघाला, आणि त्यांतल्या १४ समाजांची लोकसंख्या दहा लाखांच्या वर आहे. तेव्हा बंजारा, आंध, कोलाम, कुणबी, मारवाडी, कुणाच्याही घरी गेलात तरी हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. समाजाची माहिती जीव कसा वाचवते हे आपल्या भूलतज्ज्ञांना विचारा. आर्य वैश्य रुग्णाला स्कोलिन देण्याआधी ते थबकतात, कारण ते औषध विरघळवणारं एन्झाइम त्या समाजात पुष्कळांमध्ये कमी असतं आणि काही मिनिटांसाठी सैल केलेले स्नायू तासन् तास परत येत नाहीत. यात कुणी कुणाचा अपमान मानत नाही.

धोका ठरवणारं जनुक एक; पण आजार केव्हा आणि किती वेगानं पुढे जाणार, ते बाकीची जनुकंही ठरवतात. अगदी एकच बदल असलेल्या दोन भावांत एक नवव्या वर्षी चालायचा थांबतो, दुसरा बाराव्या-तेराव्या. वसंतराव नाईकांच्या या तालुक्याला वेगळं सांगायला नको, एकाच पिशवीतलं संकरित ज्वारीचं बी दोन वावरांत सारखं उतरत नाही. २०११ पासूनच्या अभ्यासांत एसपीपी-१ आणि एलटीबीपी-४ ही दोन जनुकं पुढे आली. स्नायूला इजा झाल्यावर त्यात व्रणासारखी तंतूंची भर किती पडते, याच्याशी दोन्हींचा संबंध आहे. संशोधनात ही माहिती फार मोलाची आहे, पण तिच्या जोरावर पालकांना तारखा सांगू नका. ‘दहा वर्षं चालेल’ असं सांगितलेलं वाक्य ते आयुष्यभर मोजत बसतात.

याच गटातल्या आणखी एका प्रकारात, मायोटॉनिक डिस्ट्रॉफीत, सुरुवातीचं वय दर पिढीला अलीकडे सरकतं. तीन अक्षरांचा एक तुकडा निरोगी माणसात पस्तीसपेक्षा कमी वेळा येतो. तो पन्नासच्या पुढे गेला की आजार, आणि पिढीगणिक तो लांबत जातो. आजोबांना लवकर आलेला मोतीबिंदू, आईला हात मिळवल्यावर मूठ सोडायला लागणारा वेळ, आणि बाळ जन्मतःच लुळं, दूध ओढत नाही. अशा बाळाच्या आईशी हस्तांदोलन करून पाहा; पुष्कळदा निदान तिथेच होतं.

आणि एक सावधगिरी. प्रौढ माणसाला काही आठवड्यांत किंवा महिन्यांत मांड्या-खांद्यांची शक्ती गेली आणि सीपीके वाढलं, तर तो मायोसायटिस, म्हणजे स्नायूंचा दाह, असू शकतो. त्यातही एचएलए जनुकांमुळे कुणाचा कल जास्त असतो, पण तो घराण्यात उतरणारा आजार नव्हे, आणि त्याला औषध आहे. चाळिशीतल्या बाईला ‘डिस्ट्रॉफी आहे, उपाय नाही’ म्हणून घरी पाठवणं हा अक्षम्य अपराध आहे. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्या चालू आहेत का, हेही विचारा.

ड्युशेनला उपाय नाही, असं म्हणणंही आता अपुरं आहे. प्रेडनिसोलोन किलोमागे ०.७५ मिलिग्रॅम किंवा डिफ्लाझाकॉर्ट ०.९ मिलिग्रॅम रोज, वेळेवर सुरू केलं तर चालण्याची दोन-तीन वर्षं वाढतात, पाठीचा बाक आणि श्वासाची घसरण लांबते. हे औषध पुसदच्या कोणत्याही दुकानात मिळतं. जिवंत लशी त्याआधी देऊन घ्या. जनुकोपचाराबद्दल पालक विचारतात. अमेरिकेत २०२३ मध्ये एका उपचाराला परवानगी मिळाली; किंमत ३२ लाख डॉलर. २०२५ मध्ये चालणं थांबलेल्या दोन मुलांचा यकृत निकामी होऊन मृत्यू झाला आणि अशा मुलांसाठी तो थांबवावा लागला. आशा आहे, पण ती विकत घ्यायला आज शेत विकू नका. आणि स्टेमसेलच्या नावानं लाखो रुपये घेणाऱ्यांपासून दूर राहा. या आजारात स्टेमसेल उपचार मान्य नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शिकेनुसार तो नोंदवलेल्या चाचणीबाहेर देता येत नाही, आणि चाचणीत पैसे घेत नाहीत. हे आपणच ओरडून सांगायला हवं, कारण पालक आधी आपल्यालाच विचारतात.

सरकारी वाटाही आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे. मुलगा अजून चालतो म्हणून प्रमाणपत्र नाकारू नका. २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात ड्युशेनचा समावेश आहे, ठरवून दिलेल्या केंद्रांमार्फत ५० लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे, आणि मुंबईचं केईएम त्यांपैकी एक केंद्र आहे. मात्र मुंबईची वाट नंतरची. सिकलसेलसाठी गावोगाव उभी राहिलेली यंत्रणा आपल्याकडे आहे. १ जुलै २०२३ पासून राष्ट्रीय मोहीमही चालू आहे. रक्त घेणाऱ्या, घरोघरी जाऊन वंशावळ विचारणाऱ्या याच आशाताईंना ‘पडणारा मुलगा, भरदार पोटऱ्या, वारलेला मामा’ एवढ्या तीन खुणा शिकवल्या तर वर्षभरात तालुक्यातली अशी घरं आपल्याला ठाऊक होतील. या परिषदेनं तसा ठराव करावा, अशी मी अध्यक्ष म्हणून मागणी करतो.

सहकाऱ्यांनो, सोमवारी ओपीडीत एसजीपीटी वाढलेला, सारखा पडणारा मुलगा आला तर त्याला जमिनीवर बसवून उठवा आणि सीपीके लिहा. पालकहो, ज्यांच्याकडे रिपोर्ट आहे त्यांनी त्याच्या चार प्रती काढा. एक मुलाच्या बहिणीसाठी जपून ठेवा. बाकीच्या त्याच्या मावश्यांना द्या, आणि आजच रात्री त्यांना फोन करा. बोलायला जड जात असेल तर माझा नंबर द्या, मी बोलेन.